डिजिटल सहीसाठी संगणक आणि ब्राऊझर कसा तयार करावा

खासगी मर्यादित कंपनी आणि एलएलपी, म्हणजेच मर्यादित दायित्व भागीदारी, यांना जीएसटीच्या संकेतस्थळावर एरवी डिजिटल सही, म्हणजेच डीएससी, वापरावी लागते. विवरणपत्राची मुदत संपत आलेली असताना सगळे आकडे भरून होतात, सहीचे बटण दाबले जाते आणि ‘ईएम-सायनरशी (सही करणाऱ्या प्रोग्रामशी) संपर्क होऊ शकला नाही’ अशा अर्थाचा संदेश समोर येतो. अशा वेळी अनेक जण एकामागून एक ब्राऊझर बदलून पाहतात किंवा सुरक्षेची सगळी बंधने काढून टाकतात. हे दोन्ही मार्ग टाळावेत, कारण अडचण बहुधा एकाच ठिकाणी असते आणि ठरावीक क्रमाने तपासले तर ती सापडते.

आधी थोडी पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, कारण इंटरनेटवर आजही फिरणारे बरेच सल्ले कालबाह्य झाले आहेत. पूर्वी अशी सही ब्राऊझरच्या आत चालणाऱ्या जावा ॲपलेटमार्फत किंवा ॲक्टिव्हएक्स घटकामार्फत होत असे. या प्लग-इनना, म्हणजे ब्राऊझरला जोडलेल्या पूरक प्रोग्रामना, संगणकात फार खोलवर शिरकाव असल्याने हल्लेखोर त्यांचाच आधार घेत. त्यामुळे क्रोमने २०१५ मध्ये असे प्लग-इन चालवणे पूर्णपणे थांबवले आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकीच्यांना नकार दिला. पुढे फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला. म्हणून एखादे पान आज ‘फ्लॅश बसवा’ किंवा ‘क्रोमची जुनी आवृत्ती उतरवून घ्या’ असे सांगत असेल, तर ते पान ताबडतोब बंद करावे. आता सहीचे काम संगणकावर वेगळा चालणारा एक छोटा प्रोग्राम करतो आणि ब्राऊझर त्या प्रोग्रामशी संगणकाच्या आतल्या आत बोलतो. टोकन (सहीचे प्रमाणपत्र साठवलेले छोटे यूएसबी उपकरण), त्याचा ड्रायव्हर (संगणकाला ते ओळखू देणारे सॉफ्टवेअर), सही करणारा प्रोग्राम आणि ब्राऊझर हे चार दुवे याच क्रमाने तपासावेत.

टोकन आणि ड्रायव्हर

ई-पास २००३, प्रॉक्सकी, एमटोकन अशी यूएसबी टोकने आपल्याकडे सर्रास मिळतात आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा असतो. टोकन लावल्यावर बहुतेक वेळा एक सीडी ड्राइव्ह दिसते आणि ड्रायव्हर बसवण्याची फाइल तिच्यातच असते. ती नसेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. तो बसवून संगणक पुन्हा सुरू करावा. मग विंडोजच्या शोधपट्टीत ‘मॅनेज यूजर सर्टिफिकेट्स’ शोधून उघडावे आणि ‘पर्सनल’ या कप्प्यात आपले नाव दिसते का ते पाहावे. तिथे नाव नसेल तर ब्राऊझरमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होणार नाही. नाव दिसत असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून मुदत पाहावी, कारण प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते आणि मुदत संपल्याचे अनेकदा सहीच्या वेळीच कळते. १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे देणे बंद झाले असल्याने नवीन प्रमाणपत्र तिसऱ्या वर्गाचेच घ्यावे लागते. जीएसटीसाठी त्यात सही करणाऱ्या व्यक्तीचा पॅन नोंदलेला असणेही आवश्यक आहे.

पिन आठवत नसेल तर अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नये, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन बंद पडते. टोकन आणि पिन दोन्ही कर सल्लागाराकडे कायमचे ठेवून देण्याची पद्धत रूढ असली तरी ती मला मुळीच मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाचीच असते.

ईएम-सायनर आणि ब्राऊझर

जीएसटीच्या संकेतस्थळावर डीएससी नोंदवण्याच्या विभागात ईएम-सायनर हा प्रोग्राम उतरवून घेण्याचा दुवा आहे. जुनी आवृत्ती असेल तर ती आधी काढून टाकावी, नवी बसवावी आणि उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने सुरू करावी. प्रोग्राम चालू असूनही संपर्क होत नसेल तर बहुधा ब्राऊझर त्याच्या स्वतःच्या स्थानिक प्रमाणपत्रावर (हे आपल्या सहीचे प्रमाणपत्र नव्हे) विश्वास ठेवत नसतो. त्यासाठी त्याच ब्राऊझरमध्ये नवीन टॅब उघडावा. पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत एचटीटीपीएस, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा लिहून पुढे इंग्रजी आकड्यांत १२७.०.०.१ आणि अपूर्णविरामानंतर १५८५ असे टाइप करावे. समोर येणाऱ्या इशाऱ्यात ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून पुढे जावे आणि मग जीएसटीचे पान ताजे करावे. १२७.०.०.१ म्हणजे आपलाच संगणक, म्हणून इथे पुढे जाण्यात धोका नाही. बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर असा इशारा आला तर मात्र मागे फिरावे. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या स्थानिक नेटवर्कशी जोडणी करू द्यायची का असे विचारतात. जीएसटीच्या संकेतस्थळाला ती परवानगी द्यावी, कारण घाईत ती नाकारली गेली तर प्रोग्राम नीट चालू असूनही सही होत नाही. पॉप-अपची परवानगीही फक्त याच संकेतस्थळापुरती द्यावी.

आयकराच्या संकेतस्थळासाठी याच धर्तीचा, पण वेगळा, ईएम-ब्रिज नावाचा प्रोग्राम लागतो. एक बसवला म्हणून दुसऱ्याचे काम भागत नाही.

जुने संकेतस्थळ अजूनही ॲक्टिव्हएक्स मागत असेल तर

काही कार्यालयांची अंतर्गत सॉफ्टवेअर अजून जुन्या पद्धतीचीच आहेत. त्यांच्यासाठी विंडोजवरील एज ब्राऊझरमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर मोड आहे आणि मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे सांगितले आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राऊझर’ या विभागात जावे, संकेतस्थळे इंटरनेट एक्स्प्लोरर मोडमध्ये उघडू देण्याच्या पर्यायासमोर ‘अलाऊ’ निवडावे आणि ब्राऊझर पुन्हा सुरू करावा. त्यानंतर त्याच विभागातल्या यादीत संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता घालावा. हल्लेखोरांनी या सोयीचा गैरवापर केल्याचे २०२५ मध्ये उघड झाले आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकांवरचे तिचे झटपट बटण काढून टाकले, त्यामुळे तिथे आता यादीचाच मार्ग उरला आहे.

ॲक्टिव्हएक्स चालू करण्यासाठी विंडोजच्या ‘इंटरनेट ऑप्शन्स’मध्ये ‘सिक्युरिटी’ टॅबवरील ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये तेवढाच एक पत्ता घालावा आणि जे बदल करायचे ते त्या गटापुरतेच करावेत. सर्वसाधारण ‘इंटरनेट’ गटाची पातळी खाली आणली तर इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनावर उघडणाऱ्या प्रत्येक पानाला तीच मोकळीक मिळते. जावा लागत असेल तर बहुधा आठव्या आवृत्तीची ३२-बिट जावा लागते, आणि जावाच्या नियंत्रण पॅनेलमध्येही अपवादांच्या यादीत हाच पत्ता नोंदवावा लागतो. मॅक संगणकावर किंवा मोबाइलवर जुन्या संकेतस्थळांसाठीचे हे मार्ग चालत नाहीत.

एजच्या यादीतली नोंद साधारणपणे ३० दिवसांनी आपोआप संपते. महिनाभर सुरळीत चाललेले पान अचानक कोरे दिसू लागले, तर काहीही नव्याने बसवण्याआधी ती नोंद पुन्हा घालून पाहावी.