एसडीएसच्या कामाला लागलात? आधी आकड्यांची दिशा बघा

केमिस्ट्रीत एमएस्सी करून ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) किंवा रेग्युलेटरीत नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. जीएचएसचे (रसायनांचे धोके आणि लेबलं ठरवणारी जागतिक पद्धत) नऊ पिक्टोग्राम म्हणजे धोक्याची चित्रं, एसडीएसचे (रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक) सोळा सेक्शन तुम्हाला येतात असं धरते. इंटरव्ह्यूत तेवढंच विचारतात.

मला सगळ्यात जास्त छळलं ते आकड्यांनी. अ‍ॅसिटोनच घ्या. जीएचएसमध्ये तो ज्वलनशील द्रव, कॅटेगरी २. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या चौरंगी हिऱ्यात लाल घरात ३. टँकरच्या लाल पाटीवरही ३. जीएचएसमध्ये १ सर्वात घातक, आकडा वाढला की धोका कमी. एनएफपीएत बरोब्बर उलटं: ० म्हणजे निवांत, ४ म्हणजे पळा. टँकरवरचा ३ तर धोका किती ते सांगतच नाही, तो नुसता वर्ग. परत वाचा, हवं तर भिंतीवर चिकटवा. कारण हिऱ्यातला ३ उचलून जीएचएसच्या रकान्यात टाकलात, की लेबलवरचा धोक्याचा कोड (एच-कोड) एच२२५ चा एच२२६ होतो, ‘डेंजर’ जाऊन ‘वॉर्निंग’ येतं. तेही उणे वीस अंशांच्या आसपास फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) असलेल्या सॉल्व्हंटवर! लेबल दिसायला एकदम व्यवस्थित, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाही.

उपाय सोपा आहे. आकडा कुठूनही उचलू नका, काढा. फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली आणि उत्कलनबिंदू ३५ च्या वर, तर कॅटेगरी २. उत्कलनबिंदू ३५ किंवा त्याखाली (डायएथिल ईथर) तर १.

एच-कोड पाठ करत बसू नका. दोनशेचे भौतिक, तीनशेचे आरोग्याचे, चारशेचे पर्यावरणाचे, एवढं पुरे. बाकी हात बसतो, खरंच.

‘सप्लायरचा एसडीएस घे, नाव बदल’ म्हणणारे सीनियर भेटतीलच. मान डोलवा आणि ऐकू नका. युरोपला माल जाणार असेल तर सीएलपीचं (युरोपचा वर्गीकरण-लेबलचा कायदा) सहावं परिशिष्ट आधी उघडा, ठरवून दिलेली वर्गीकरणं तिथे असतात. युरोपच्या रसायन संस्थेच्या (ECHA) यादीत एकाच पदार्थाची कंपन्यांनी केलेली वेगवेगळी वर्गीकरणं दिसतात, त्यातलं सोयीचं निवडायचा मोह होतो.

मिश्रणात टक्केवारी बघा. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ५ टक्के किंवा जास्त असेल तर त्वचा जाळणारं १ए, २ ते ५ मध्ये १बी, अर्धा ते २ टक्क्यांत नुसता दाह, आणि पिक्टोग्रामही बदलतो. ही टक्केवारी कागदावरून घेऊ नका, प्लँटवर लाय (कॉस्टिकचं द्रावण) पातळ करणाऱ्या ऑपरेटरला विचारा. त्याला ती नेमकी माहीत असते.