पडद्याचा नंबर तिसरा: कमी पैशांत झोपायची खोली निवांत कशी करायची

मी पडदे शिवते. मापं घ्यायला लोकांच्या घरात थेट बेडरूमपर्यंत जावं लागतं, त्यामुळे पुण्यात सिंहगड रस्त्यापासून धायरीपर्यंतच्या कितीतरी झोपायच्या खोल्या मी आतून पाहिल्यात. हॉल झकपक असतो. बेडरूममध्ये मात्र इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, कोपऱ्यात बंद कूलर, कपाटावर छताला टेकलेल्या बॅगा आणि डोक्यावर पांढरीफेक ट्यूब. मग मला विचारतात, "ताई, या खोलीत आलं की निवांत वाटतच नाही हो. जरा भारीतले पडदे लावले तर?"

धंद्याच्या दृष्टीनं मी "लावा की" म्हणायला हवं. पण पडद्याचा नंबर तिसरा. त्याआधी दिवा, आणि दिव्याच्याही आधी खोलीतून बाहेर काढायच्या वस्तू. या क्रमानं गेलात तर दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीचं काम दोन-अडीच हजारांत भागतं, आणि भिंतीला एकही भोक पडत नाही. घरमालकाकडे डिपॉझिट अडकलेलं असेल तर हा मुद्दा लहान नाही.

उशीवर डोकं टेकवून बघा

दारात उभं राहून खोली आवरायची सवय सगळ्यांनाच असते. पण ही खोली आपण आडवे पडून वापरतो. तेव्हा उशीवर डोकं टेकवा आणि नजर जिथं जिथं जाते ते बघा. बहुतेक वेळा समोर दिसतात त्या कपाटावरच्या बॅगा, दारामागच्या खुंटीवर लटकलेल्या सात-आठ ओढण्या आणि चार्जरच्या वायरींचं जंजाळ. एवढंच हलवा. बॅगा पलंगाखाली जाऊ द्या, ओढण्या कपाटात. सगळं घर आवरायला घेतलंत तर दिवाळीपर्यंत पुरेल आणि दिवा बदलायचा राहूनच जाईल.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर दोन-तीन इंच पुढं ओढा. पावसाळ्यात ती भिंत गार आणि ओलसर असते, मागं हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. खोलीला जो कुबट वास येतो तो बरेचदा तिथूनच. त्यावर सुगंधी फवारे मारून काही होत नाही. ओले कपडे वाळत घालायचा स्टँडही पावसाळ्यात झोपायच्या खोलीत नको. दुसरीकडे जागाच नसेल तर निदान खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, आणि रात्री झोपण्याआधी स्टँड बाहेर काढा.

दिवा

खरा फरक इथं पडतो, आणि खर्च सगळ्यात कमी इथंच आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत बसवलेली एलईडी ट्यूब ६५०० केची असते (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप). हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. तो जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा, जितका लहान तितका पिवळा. झोपायच्या खोलीला २७०० के किंवा ३००० के हवा. दुकानात "वॉर्म व्हाइट द्या" म्हटलं की कळतं. नुसतं "पिवळा" म्हणालात तर एखादा दुकानदार देवघरातला रंगीत झिरोचा बल्ब हातात ठेवील.

किती वॉटचा घ्यायचा? पलंगाशेजारच्या दिव्याला ५ वॉट पुष्कळ झाले. वाचायची सवय असेल तर ९. ट्यूब काढून टाकू नका. सुईत दोरा ओवायला, हरवलेलं कानातलं शोधायला ती लागतेच. फक्त संध्याकाळनंतर ती बंद ठेवायची आणि खालचा दिवा लावायचा.

खालचा म्हणजे खरोखरच खाली. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेच्या खाली दिवा आला पाहिजे आणि बल्ब उघडा दिसता कामा नये. उजेड भिंतीवर पडून परत येऊ द्या. पुण्यात तपकीर गल्लीत वायर, होल्डर, बटण आणि पिन असा जोडलेला तयार संच दीड-दोनशेत मिळतो. स्वतः वायरी सोलत बसू नका. त्यावर झाकण म्हणून बुरूड आळीतली विरळ विणीची टोपली उपडी घातली की झाला दिवा. भिंतीवर कामट्यांच्या सावल्या पडतात, त्या फुकट. टोपली आतल्या बल्बपेक्षा ऐसपैस घ्या, चारी बाजूंनी वीतभर तरी मोकळी हवी. यात एलईडीच लावायचा. जुना तारेचा बल्ब इतका तापतो की वेताजवळ, कागदाजवळ त्याला ठेवूच नये.

टोपलीही आणायची नसेल तर माळ्यावर चढा. गेल्या दिवाळीचा आकाशकंदील तिथं आहे. कापडी असेल तर फारच छान. झिरमिळ्या कापून टाका, धूळ झटका, आत ५ वॉटचा वॉर्म बल्ब सोडा आणि तो कंदील कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवा. माझ्या एका गिऱ्हाईक काकूंनी लाल कंदील असाच ठेवला होता, खोलीला पार हॉटेलची कळा आली. पांढरा, बदामी, फिका पिवळा एवढेच रंग धरा. आणि लुकलुकणाऱ्या माळा नकोत. डोळा लागायच्या वेळी काहीतरी सारखं उघडझाप करत असेल तर झोप कशी यायची?

अंगाखालचं, अंगावरचं आणि खिडकीवरचं

कापडाचा नियम माझ्या लेखी सोपा आहे: जे अंगाला लागतं त्यावर आधी पैसे घाला, जे नुसतं दिसतं त्यावर नंतर. लोक उलटं करतात. नऊशेची चकचकीत बेडशीट आणतात. ती सिंथेटिक असते, उन्हाळ्यात अंगाला चिकटते आणि रात्रभर गादीवरून घसरते. त्या पैशात सुती चादर आणि दोन सुती अभ्रे येतात. जुन्या चादरी टाकू नका. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत नव्यात मिळत नाही.

कापसाची गादी गोळे होऊन बसली असेल तर ती बदलण्याआधी गादीवाल्याकडे न्या. तो कापूस पिंजून पुन्हा भरून देतो, खोळ तुम्ही नवी द्यायची. नव्या गादीच्या मानानं हा खर्च फारच कमी. मग अधूनमधून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवत राहायची.

आता गोधडी. घरात आई-आजीच्या सुती साड्या असतील तर यासारखी स्वस्त ऊब दुसरी नाही. हिशेब असा: पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब. तिचे मधोमध दोन तुकडे करा आणि काठाला काठ जोडून शिवा. साधारण नऊ फूट बाय साडेसात फुटांचा एक थर होतो, डबल पलंगाला पुरून उरतो. असे तीन थर, म्हणजे तीन साड्या. पुण्याच्या थंडीला तेवढं चालतं. सगळ्यात जास्त विरलेली साडी मध्ये घाला, धड असतील त्या वर आणि खाली. जमिनीवर पसरा, सुरकुती न ठेवता ताणा, आणि आधी मोठमोठे कच्चे टाके घालून तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवा. हे टाळलंत तर शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो आणि तो कशानंच जात नाही. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत आत यायचं, दोन फेऱ्यांत दोन बोटं अंतर. दोरा जाड सुती. सिंथेटिक साड्या गोधडीत घालू नका. सुईखाली सरकतात आणि घाम शोषत नाहीत. त्यांचं काम पुढं आहे.

हातानं शिवायला वेळ लागतो हे खरं. मशीनवर सरळ टिपा मारूनही होते, पण ती जरा ताठ राहते. मला हातशिलाईचीच आवडते. यात माझा धंदा बुडतो ते वेगळं. ठेवणीतल्या गोधड्यांत डांबरगोळ्या टाकू नका. तो वास उशाशी नको. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून कपड्याच्या पुरचुंडीत ठेवा.

आणि आता आला पडदा. भारी कापडाची गरज नाही, मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड घ्या. कोरा, किंचित बदामी रंगाचा, रात्रीच्या पिवळ्या उजेडात फार गोड दिसतो. चार फुटी खिडकी धरू. दांडी खिडकीपेक्षा दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट लांब, म्हणजे पाच फूट. दांडी खिडकीच्या चौकटीला लागून नको, वर घ्या, जमिनीपासून सात फुटांवर, आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा. खिडकीपुरता आखूड पडदा खोलीला बुटकं करतो. ४८ इंची पन्ह्याचे, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या कापडाचे, दोन पडदे केले की पाच फुटी दांडीवर चुण्या बेताच्या पडतात. वरचा नेफा (दांडी ओवायची दुमड), खालची चार इंच दुमड आणि आटायला थोडं, असा एक पडदा आठ फुटांचा कापायचा. दोन पडद्यांना सोळा फूट, म्हणजे पाच मीटर कापड. शिवण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. मांजरपाट आटतो. शिवून झाल्यावर आटला तर जमिनीपासून वर लटकतो आणि मग फोन मला येतो.

खिडकी पश्चिमेची असेल किंवा समोर रस्त्यावरचा दिवा असेल तर नुसत्या मांजरपाटातून उजेड येणार. इथं त्या गडद सिंथेटिक साड्या बाहेर काढा. पडद्याच्या मागं अस्तर म्हणून लावा, फक्त वरच्या बाजूला टीप मारा आणि खाली मोकळं सोडा. दोन कापडं वेगवेगळी आटतात. चहूबाजूंनी शिवलीत तर पहिल्याच धुण्यात पडदा आखडतो.

भिंतीला भोक पाडायचं नसेल तर खिडकीच्या खाचेत दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते. मग वर सांगितलेली सात फुटांची उंची विसरा. पडदा खाचेच्या मापाचाच होईल, त्याला इलाज नाही. त्यावर हलकं कापडच टिकतं, अस्तराचा भार तिला सोसत नाही. आधीच्या भाडेकरूनं ठोकलेले ब्रॅकेट भिंतीत असतील तर त्यांच्यासारखं सुख नाही, तेच वापरा.

भिंत, फरशी आणि काय आणू नये

चिकटवायचे हूक डिस्टेंपरवर टिकत नाहीत. तो रंग भुकटीसारखा सुटतो आणि हूक पापुद्र्यासकट खाली येतो. ऑइलपेंटवर, लाकडी दारावर, लोखंडी कपाटावर मात्र ते घट्ट बसतात. लोखंडी कपाटाला तर साधं चुंबक चालतं. राखाडी कपाट डोळ्यात खुपत असेल तर चार चुंबकं लावून त्यावर एखादी जुनी इरकल साडी सोडा, काठ वर दिसू द्या. दार उघडायची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे रोजची चिडचिड नको.

पलंगाच्या ज्या बाजूनं तुम्ही सकाळी पाय खाली टाकता तिथं एक लहान सतरंजी. डिसेंबरातल्या गार फरशीवर तिची किंमत कळते. खाली रबराची जाळी घाला, नाहीतर सतरंजी सरकते आणि घरातलं वयस्कर माणूस आपटतं.

झाडाचा आग्रह असेल तर ठेवा, हिरवं बरं दिसतं. त्यानं खोलीतली हवा शुद्ध होते वगैरेवर जाऊ नका, एका कुंडीनं तसा फरक पडत नाही. पण बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. कसल्या सुगंधी मेणबत्त्या आणून गोधडीजवळ लावता? पडदा वाऱ्यानं उडतो. वास हवाच असेल तर संध्याकाळी दारं-खिडक्या उघड्या ठेवून ऊद फिरवा आणि झोपण्याआधी विझल्याची खात्री करा.

शेवटचं पंख्याचं. कटकट करणाऱ्या पंख्याखाली कितीही मऊ गोधडी घ्या, झोप लागायची नाही. पंखा हळू फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. वस्तू स्वस्त आहे, पण वायरमनकडूनच बदलून घ्या, आणि तो आलाय तोवर पंख्याचे स्क्रूही आवळून घ्या. पाती पुसणं तुमचं काम. बटण बंद करा, स्टुलावर चढा, जुना अभ्रा पात्यावर उशीसारखा चढवा आणि हलक्या हातानं दाबत मागं ओढा. धूळ अभ्र्याच्या आत राहते, गोधडीवर पडत नाही. तो अभ्रा मात्र खिडकीतून झटकू नका. खालच्या मजल्यावरच्यांनी पडदे नुकतेच शिवून नेलेत माझ्याकडून.