एअर रायफलसाठी घरच्या घरी हलका लाकडी स्टॉक

स्टॉक, म्हणजे रायफलचं धातूकाम ज्यात बसतं तो लाकडी भाग, हलका करायचा म्हटलं की बहुतेक जण सगळीकडून लाकूड तासायला लागतात. मूठ बारीक, पुढचा भाग बारीक, बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) बारीक. असा स्टॉक काट्यावर हलका भरतो, पण वर्षभरात मुठीशी चीर जाते किंवा पावसाळ्यात नेम सरकायला लागतो. वजन कुठून काढायचं आणि कुठे लाकडाला हात लावायचा नाही, हे आधी ठरलं पाहिजे. करवत नंतर.

माझा हात पॅटर्न मेकिंगचा. भोसरीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्यात नोकरी गेली, त्यामुळे लाकूड हलतं कसं आणि त्याला हलू द्यायचं नाही कसं, हे अंगात मुरलेलं. नात बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते. तिच्या हातातली रायफल साडेचार किलोच्या आसपास होती. तेरा वर्षांच्या मुलीला ती पेलायची म्हणजे कमरेतून मागे वाकणं आलं, आणि या वयात कंबर तशी वाकलेली मला बघवत नाही. म्हणून हा स्टॉक.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं ४.५ मिमीच्या स्पर्धेच्या एअर रायफलपुरतं आहे, आणि तेही फक्त लाकडाचं. बॅरल, ट्रिगर, हवेची टाकी यांना हात लावायचा नाही. परवान्याच्या बंदुकीचं काम असेल तर परवानाधारक माणसाकडेच जायचं. स्प्रिंगची रायफल असेल तर इतका हलका स्टॉक करू नका. स्प्रिंग सुटताना रायफलला मागे आणि पुढे असे दोन्हीकडे हिसके बसतात, आणि मऊ लाकडात स्क्रू ढिले होतात. तिथे पूर्ण सागवानच बरं. टाकीत हवा भरलेल्या रायफलला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे हलकं लाकूड चालतं.

माप आधी पुठ्ठ्यावर किंवा ६ मिमी प्लायवर घ्या. जुन्या स्टॉकची बाजू पेन्सिलने उतरवून घेतली की निम्मं काम झालं. मग ज्याच्यासाठी करायचं त्याला उभं करा. कोपर काटकोनात दुमडून बटचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं, की तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. हा ढोबळ अंदाज झाला. खरी परीक्षा गालाच्या उंचीची. नातीला प्लायचा साचा खांद्याला लावून डोळे मिटायला सांगितलं, मान सैल सोडायला सांगितली आणि मग डोळे उघडायला लावले. "आजोबा, भोक खाली राहिलं," ती म्हणाली. भोक म्हणजे नेम धरताना ज्यातून बघतात ते. ते खाली राहिलं म्हणजे गालाचा टेकू उंच झाला होता. मान वाकवून डोळा जुळवायचा नाही, टेकू जुळवायचा. वाढत्या वयाच्या मुलांसाठी टेकू आणि बटप्लेट (बटच्या टोकाची, खांद्याला लागणारी पट्टी) दोन्ही सरकणारे ठेवा, नाहीतर दोन वर्षांत स्टॉक फुकट जाईल.

आता लाकूड. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जा, पण फळी स्वतः उचलून बघा. मला पटलेली जोडी म्हणजे मधे साग आणि दोन्ही बाजूंना शिवण. शिवण हलकी असते, वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते. पांगारा याहूनही हलका, पण त्यात स्क्रू धरत नाही. शिसवी दिसायला देखणी, पण वजनाला भारी. आक्रोड हे स्टॉकचं नावाजलेलं लाकूड, मात्र खिशाला जड आणि सागापेक्षा फारसं हलकंही नाही. फळीत गाठ नको, आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी.

वजनाचा अंदाज स्वयंपाकघरातल्या काट्यावर घ्या. फळीच्या टोकाचा ५ बाय ५ बाय ४ सेंटीमीटरचा तुकडा कापायचा. तो बरोबर १०० घन सेंटीमीटर होतो. साग ६५ ग्रॅमच्या आसपास भरतो, चांगली शिवण ४८ च्या. तोच तुकडा आठवड्यातून एकदा पुन्हा तोला. आकडा घटत असेल तर लाकूड अजून ओलं आहे, स्थिर झाला की कामाला घ्या. पुण्यात हे काम मार्च ते मे या महिन्यांत करावं. जुलैत चिकटवलेली फळी दिवाळीनंतर काय करेल याचा भरवसा नाही.

१६ मिमीच्या तीन फळ्या, म्हणजे जाडी ४८ मिमी. फळीच्या टोकाला दिसणारी वलयं एकमेकांच्या उलट ठेवायची. एकीची कमान डावीकडे तर शेजारचीची उजवीकडे, म्हणजे दोघींचा वाकण्याचा जोर एकमेकांना खातो. पॅटर्नच्या कामातला हा पहिला धडा, आणि इथे तो तसाच्या तसा लागू पडतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मूठ. स्पर्धेच्या रायफलची मूठ जवळजवळ उभी असते आणि फळीची रेषा आडवी जाते. म्हणजे मुठीत रेषा आडवी कापली जाते, आणि रायफल एकदा हातातून निसटली की मूठ बिस्किटासारखी तुटते. त्यावर इलाज असा: मधल्या सागाच्या फळीत मुठीचा भाग वेगळ्या तुकड्याचा करा आणि त्या तुकड्याची रेषा मुठीच्या दिशेने, वरून खाली जाऊ द्या. बाहेरच्या दोन्ही शिवणी आडव्या रेषेच्याच ठेवा. तीन थर एकमेकांना धरून ठेवतात. मधल्या सांध्यावर, धातूचा भाग स्टॉकला आवळणाऱ्या दोन स्क्रूंपैकी मागच्या स्क्रूचं भोक येणार नाही एवढं मात्र बघा.

चिकटवण्याआधीच पोकळ्या कापून घ्यायच्या, ही थरांच्या कामातली खरी सोय. पुढच्या भागात, अॅक्शनच्या (बॅरल आणि ट्रिगर धरणाऱ्या धातूच्या भागाच्या) खाचेखाली, मधल्या फळीत २० सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर उंच पोकळी कापली की बाहेरून काहीच दिसत नाही आणि ५० ग्रॅम जातात. बटमध्ये मात्र लपवाछपवी करू नका. तिथे आरपार खिडकी ठेवा. १२ बाय ५ सेंटीमीटरची खिडकी पूर्ण जाडीतून काढली तर दीडशे ग्रॅम एका झटक्यात जातात. हिशोब करून बघा: अखंड सागाचा दोन लिटर आकारमानाचा स्टॉक १,३०० ग्रॅमचा होतो. बाहेरच्या फळ्या शिवणीच्या केल्या की १,०७० ग्रॅम, आणि खिडकी व पोकळी धरून साधारण ८७०. मुठीला हातही लावला नाही. स्क्रूच्या भोवती आणि कडेला मात्र किमान २५ मिमी भरीव लाकूड राहू द्या.

चिकटवायला पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी. दर १० ते १२ सेंटीमीटरवर क्लॅम्प, आणि पुरे २४ तास हात लावायचा नाही. क्लॅम्प इतके करकचून आवळू नका की सगळा गोंद बाहेर येईल.

अॅक्शन बसवण्याची खाच हे संयमाचं काम. त्याआधी रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, टाकी काढून बाजूला ठेवा. खाच आधी अरुंद काढा, मग दोन्ही बाजूंनी वाढवा. शेवटचा अर्धा मिलिमीटर नजरेने जमत नाही. काजळात दोन थेंब तेल घालून त्याचा पातळ हात धातूवर द्या, अॅक्शन खाचेत ठेवून हलकेच दाबा आणि उचला. लाकडावर जिथे काळा ठिपका उठला तेवढंच गोल पटाशीने खरवडा. पुन्हा ठेवा, पुन्हा उचला. सुरुवातीला दोन-चार ठिपके दिसतात, मग हळूहळू सगळ्या तळावर एकसारखा काळेपणा येतो. तसा आला की अॅक्शन बसली. बॅरल मात्र लाकडाला कुठेही टेकता कामा नये. कागदाची घडी बॅरलखालून मोकळी सरकली पाहिजे.

स्क्रू थेट लाकडावर आवळू नका. शिवण दबते, पावसाळ्यात फुगते, आणि तेवढ्याने नेम हलतो. दोन्ही स्क्रूंच्या जागी १२ मिमी बाहेरच्या व्यासाची अॅल्युमिनियमची नळी इपॉक्सीने बसवा. वरचं टोक अॅक्शनला आणि खालचं स्क्रूच्या डोक्याखालच्या वॉशरला टेकलं पाहिजे. मग आवळ धातूवर येतो, लाकूड नुसतं सोबत असतं. इपॉक्सी घालताना धातूला मेणाचे दोन हात द्या आणि स्क्रूची भोकं, ट्रिगरची जागा मुलांच्या खेळण्यातल्या मळलेल्या मातीने बंद करा. आट्यांत इपॉक्सी गेलं तर अॅक्शन आणि स्टॉक एकमेकांना सोडणार नाहीत.

आकार देताना रंध्यापेक्षा जाड दातांची कानस उपयोगी. मूठ सगळ्यात शेवटी, ज्याची रायफल त्याचा हात समोर ठेवून. मग ८०, १२०, २२० असा पॉलिश पेपर. ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू पुन्हा २२० ने काढा. तोंडाला मास्क बांधा, सागाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो.

शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर कोरड्या फडक्याने पुसून. आतल्या खाचेला, खिडकीच्या कडांना आणि बटप्लेटखालीसुद्धा तेवढेच हात द्या. एक बाजू उघडी राहिली तर ओल तिथूनच शिरते आणि स्टॉक वाकतो. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सगळं जोडलं की रायफल दोरीवर टांगून तोल बघा. उभ्याने नेम धरताना डावा हात ट्रिगरगार्डच्या थोडा पुढे टेकतो. तोल त्या हातावर किंवा किंचित पुढे यायला हवा. बट हलकी झाल्यामुळे बॅरलची बाजू जड वाटली तर बटप्लेटच्या दांडीवर पोलादी वॉशर चढवा, एकेक करून, नेमबाजाला विचारत. स्पर्धेच्या नियमांत १० मीटर एअर रायफलला ५.५ किलोची कमाल मर्यादा आहे, हलकेपणाला अडकाठी नाही. पण बट, टेकू आणि मुठीच्या मापांना नियम आहेत, आणि ते अधूनमधून बदलतात. म्हणून चालू नियमपुस्तकातला तक्ता साचा कापण्याआधीच समोर ठेवा. आणि पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दोन्ही स्क्रूंचा आवळ तपासा. नळ्या नीट बसल्या असतील तर तो बदलणार नाही.