गिरिपुष्पाचा घुमट

जिवंत झाडांच्या फांद्या वाकवून घुमट करायचा असेल, तर मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरला की कामाला लागा. झाड गिरिपुष्पाचंच घ्या. आम्ही कोकणातले लोक कुंपणाला तेच लावतो. खुंट रोवला की फुटतो आणि कवळी फांदी म्हणाल तशी वाकते. वडाचा मोह आवरा. त्याच्या फांद्या एकमेकींत छान जुळतात खऱ्या, पण पुढे मुळं घराच्या पायाची चौकशी करायला येतात.

मधोमध खुंटी ठोका, सहा फूट सुतळीने गोल आखा. मनगटाएवढे जाड, पाच फुटी खुंट अडीच-अडीच फुटांवर लावायचे. पंधरा बसतात, एक वगळा, तेच दार. दोन्ही टोकं तिरकी कापा, बुंध्याकडची बाजू खाली. पहारीने फूटभर भोक पाडून खुंट बसवा आणि माती पायाने दाबा. वरून ठोकलात तर साल फाटते.

पहिलं वर्ष हात लावू नका. दुसऱ्या पावसाळ्यात चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या, चार कमानी आत उभ्या करा. प्रत्येक खुंटावर तीनच धुमारे ठेवा: एक मधल्या बाजूला, दोन शेजारच्या खुंटांकडे. श्रावणात ते अंगठ्याएवढे असतात, तेव्हाच वाकवून कमानीला बांधा. बांधायला केळीचं सोपट. नायलॉनची दोरी फांदी जाड झाली की सालीत रुतते.

खरी मेहनत यापुढे. आडवी केलेली फांदी गप्प बसत नाही. तिच्या पाठीवर सरळसोट फुटवे उठतात आणि सगळा जोर तिकडे जातो. ठेवलेत तर वर झाडोरा माजतो, खाली घुमट उघडा पडतो. बोटभर असतानाच खुडून टाका, पावसाळाभर, दर पंधरवड्याला. कंटाळा येतो, येऊ द्या.

एखादी फांदी जून होऊन वाकत नसेल तर डेव्हिड नॅशची युक्ती करा. या शिल्पकाराने १९७७ साली वेल्समध्ये ॲश जातीची २२ झाडं गोलात लावून घुमट घडवला. वाकायच्या आतल्या बाजूला पाचरीसारखे काप घ्यायचे, फांदी दाबून काप मिटवायचे आणि घट्ट गुंडाळायचं. जखम भरली की वाक कायमचा. निम्म्याहून खोल मात्र जाऊ नका.

दरवर्षी मृगाआधी बाहेरची वाढ कोयत्याने उतरवा. तो पाला भातखाचरात चिखलणीला गाडा, उत्तम खत. थंडीत पानं गळतील, घाबरू नका. आणि पहिली दोन वर्षं शेजाऱ्यांच्या शेळ्यांवर नजर ठेवा.