रेखाटनवही निवडताना आणि घडवताना

रेखाटनवही घेताना नजर आधी मुखपृष्ठावर जाते. पाहायला हवा तो कागद, आणि तोही आपण ज्या साधनाने काम करतो ते लक्षात घेऊन. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते या हिशेबाने, सांगितली जाते. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. पेन्सिल किंवा बॉलपेनच्या झटपट रेखाटनांना १०० ते १२० पुरतो, शाईसाठी १५० च्या आसपासचा बरा, आणि जलरंगाचे एकावर एक ओले थर द्यायचे असतील तर ३०० ला पर्याय नाही. मात्र जाडी म्हणजे सर्व काही नव्हे. कोळशाला कागद थोडा खरखरीत लागतो, तर त्याच कागदावर निब अडखळते आणि तंतू उपसते.

बांधणी तपासण्यासाठी वही उभी धरून पाठीकडची कड वरून पाहावी. तेथे घडी घातलेल्या पानांचे जुडगे दिसले तर वही बहुधा शिवलेली आहे, आणि ती समोरासमोरच्या दोन पानांवर सलग चित्र काढण्याइतकी सपाट उघडते. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या वहीची पाने काही महिन्यांत सुटू लागतात. बाजारात किंवा फलाटावर उभ्याने रेखाटणाऱ्यांना पूर्ण मागे दुमडणारी स्पायरल वही सोयीची. पण तिची पाने एकमेकांवर घासून पेन्सिलीचे काम काळवंडते, म्हणून मध्ये बटर पेपर घालावा.

माझे मत विचाराल तर पहिली वही स्वस्तातली घ्यावी, कारण चामडी बांधणीची महागडी वही बिघडेल या धास्तीने कोरीच राहते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतः बांधणे. २२ × ३० इंचांच्या कार्ट्रिज कागदाच्या एका तावाचे ११ × १५ इंचांचे चार तुकडे होतात आणि ते मधोमध दुमडले की साडेसात × ११ इंचांची आठ पाने मिळतात. असे पाच ताव घेतले तर ऐंशी पृष्ठांची वही तयार होते. ताव घेतानाच तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वळतो त्याच बाजूने घडी पडली पाहिजे, नाहीतर घडी चिरते आणि पाने कायम फुगलेली राहतात. शिवण व पुठ्ठा शाळेच्या वह्या बांधणाऱ्या बाइंडरकडून करून घेता येतो.

वही आपलीशी करणे म्हणजे मुखपृष्ठ सजवणे, असे मी मानत नाही. पृष्ठांना क्रमांक घालावेत, प्रत्येक रेखाटनाखाली तारीख व ठिकाण लिहावे, मागच्या पुठ्ठ्याला आतून सुट्या कागदांसाठी खिसा चिकटवावा आणि शेवटचे पान पेन, शाई व रंग आजमावण्यासाठी राखून ठेवावे. पहिले पान कोरे सोडले तरी चालते. सुरुवात तिसऱ्या पानापासून केली की हात मोकळा होतो. कागद दोनशे जीएसएमहून जाड असेल तर काही पानांवर आधीच चहाचा किंवा करड्या रंगाचा पातळ हात फिरवून ठेवावा, म्हणजे त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने उजेड दाखवता येतो.

खिसा चिकटवायला घरची खळ वापरत असाल तर ती पातळ लावून पूर्ण वाळू द्यावी, कारण कणकेच्या खळीवर कसर आणि झुरळे येतात. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण ते विषारी असल्याने घरी वापरू नये. कोकणातल्या पावसाळ्यात भरलेल्या वह्या भिंतीला टेकवून न ठेवता हवा खेळेल अशा उभ्या ठेवाव्यात.