द्विभाषिकतेवर ईईजी प्रयोग करताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाचा विद्यार्थी ईईजीकडे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवण्याकडे, वळला की पहिले काही आठवडे टोपी, जेल आणि सॉफ्टवेअर शिकण्यात जातात. ते शिकायलाच हवं. पण प्रयोग फसतो तो बहुतेकदा वाक्यांच्या यादीत आणि सहभागींच्या निवडीत. तिथली चूक नंतर कोणत्याही फिल्टरने निघत नाही.

वाक्यं घाईने लिहिणं

अर्थाला न जुळणारा शब्द वाचल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी ऋण दिशेची मोठी लहर दिसते, हे कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलं. तीच एन-४००. मात्र ती शब्दाच्या वापरातल्या वारंवारतेनेही बदलते. त्यामुळे ‘आजीने पत्र लिहिलं’ आणि ‘आजीने पत्र शिजवलं’ एवढीच तुलना केली, तर दिसलेला फरक विसंगतीचा की दोन क्रियापदांचा, हे कळणार नाही. ‘आजीने वरण शिजवलं’ आणि ‘आजीने वरण लिहिलं’ ही उलटी जोडीही घ्या, म्हणजे दोन्ही क्रियापदं दोन्ही बाजूंना येतील.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि शेवटच्या शब्दावर वाचक सगळं वाक्य जुळवत असतो. ती प्रक्रिया तुमच्या लहरीत मिसळते. म्हणून वाक्य पुढे न्या: ‘आजीने पत्र शिजवलं तेव्हा पाऊस पडत होता.’

पुस्तकी व्याकरण सगळ्यांचं मानणं

व्याकरण मोडलं की ६०० मिलिसेकंदांच्या आसपास धन लहर येते, ती पी-६००. पण मोडलं कुणाच्या मते? कोल्हापूरकडे कितीतरी बायका ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात बसून हे वाक्य चुकीच्या यादीत टाकलं आणि कोल्हापूरच्या मुलींना वाचायला दिलं, तर पी-६०० न दिसण्यात नवल नाही. तिथे ‘या सहभागींना लिंगभेद कळत नाही’ असा निष्कर्ष काढणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्याच भागातल्या, प्रयोगात नसलेल्या लोकांकडून आधी प्रत्येक वाक्य तपासून घ्या.

‘पहिली मराठी, दुसरी इंग्रजी’ एवढंच नोंदवणं

भाषा कोणत्या वयात कानावर पडली, शाळेचं माध्यम कोणतं, घरी कोणती बोलतात, वाचन कशात होतं, हे सगळं विचारा. घरी मराठी बोलणारा पण मराठी क्वचितच वाचणारा तरुण देवनागरी वाक्यांवर वेगळा दिसेल. तो फरक वाचनाच्या सवयीचाही असू शकतो.

प्रयोग इंग्रजीत आहे म्हणून मराठीचा विचार नको, हेही चूक. थिएरी आणि वू यांच्या २००७ च्या अभ्यासात चिनी-इंग्रजी द्विभाषिक फक्त इंग्रजी शब्द वाचत होते. त्या शब्दांच्या चिनी भाषांतरांत समान अक्षर असलं की एन-४०० बदलत होती आणि वाचणाऱ्यांना त्याची जाणीवही नव्हती.

प्रयोगशाळेत

आदल्या दिवशीच निरोप द्या: केस धुऊन या, तेल लावू नका. तेलाने इलेक्ट्रोडचा रोध वाढतो. जेल जास्त झालं तर शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले जातात आणि एकच लहर दाखवतात. घामाने लहर सावकाश वर-खाली सरकते, म्हणून खोली थंड ठेवा. ५० हर्ट्झचा गोंगाट दिसला तर आधी चार्जर आणि दिवे बंद करून बघा.

लहर आवडेपर्यंत फिल्टर बदलणं

हाय-पास फिल्टर, म्हणजे सावकाश बदलणाऱ्या लहरी काढून टाकणारा फिल्टर, ०.१ हर्ट्झच्या आसपास ठेवा. तो बराच वाढवला तर पी-६०० च्या आधी खोटी एन-४०० तयार होऊ शकते. कोणता कालखंड आणि कोणते इलेक्ट्रोड मोजायचे, तेही माहिती बघण्याआधी लिहून ठेवा.

पहिल्या दोघा-तिघांची नोंद झाली की लगेच सरासरी काढा. पडद्यावर शब्द उमटल्यावर सुमारे १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागात पी-१ ही पहिली धन लहर दिसायला हवी. ती उशिरा किंवा पसरट आली, तर ट्रिगरची, म्हणजे शब्द उमटल्याच्या क्षणी नोंदीत पडणाऱ्या खुणेची, वेळ चुकत असण्याची शक्यता मोठी. पडद्यावर प्रकाश-संवेदक लावून ती तपासा आणि तोवर पुढच्या सहभागीला बोलावू नका.