रेझिनचं एक्सबी-51: आधी पंख सरळ करा

आमचे अण्णा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. घरी खाटेचा पाय बसवायचा असला तरी म्हणायचे, "आधी कोरडं बसवून बघ." रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकचं, छोटं विमान जोडताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय ते हेच वाक्य.

सध्या टेबलावर मार्टिन कंपनीच्या एक्सबी-51 चं मॉडेल आहे, 1/72 मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), नाकापासून शेपटीपर्यंत 36 सेंटिमीटर. 28 ऑक्टोबर 1949 ला खरं बॉम्बर पहिल्यांदा उडालं. तीन जेट इंजिनं: दोन पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना लटकलेली, तिसरं शेपटीत. 1951 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने त्याच्याऐवजी ब्रिटिश कॅनबेरा निवडलं. तेच कॅनबेरा आपल्याकडे 2007 पर्यंत उडत होतं. एक्सबी-51 मात्र दोनच बनली आणि दोन्ही अपघातात गेली. माझा त्याच्यावर फार जीव आहे.

सुटे भाग आधी भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. घासकाम ओल्या वॉटर पेपरनेच करा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. रेझिनची पूड छातीत जाते, इथे हयगय नको.

आता पंख. रेझिनचा पातळ पंख खोक्यातच वाकतो. माझा डावा पंख टोकाला पिळलेला होता. कढत पाण्यात मिनिटभर बुडवला, मऊ पडल्यावर शहाबादी फरशीवर सपाट दाबला आणि तसाच धरून वरून गार पाणी ओतलं. एका फेरीत जमलं नाही, तिसऱ्या फेरीला फरशीला सगळीकडून टेकला. जोर लावून गार वाकवू नका, कडकन मोडतो.

नुसत्या फेविक्विकवर पंख टिकत नाही. माझ्या पहिल्या विमानाचा पंख रात्रीत गळून पडला होता. म्हणून हाताच्या बारीक ड्रिलने पंखात आणि धडात एक मिलिमीटरची भोकं पाडा आणि पितळी तार घाला. मी ती सराफ बाजारातून आणतो. अ‍ॅराल्डाइट लावा, म्हणजे सरळ करायला वेळ मिळतो. या विमानाचे पंख मुळापासून टोकाकडे 6 अंश खाली उतरतात, म्हणजे दर 10 सेंटिमीटरला साडेदहा मिलिमीटर. त्या उताराचा पुठ्ठा कापून दोन्ही पंखांखाली लावा आणि रात्रभर हात लावू नका. शेपटीच्या टोकावरची आडवी पट्टीही तारेवरच बसवा, आणि ती पंखांशी जुळते का ते समोरून एक डोळा मिटून बघा.

फटी पुट्टीने भरा. रंग पावसाळ्यात फवारू नका, आमच्याकडे जुलैत लॅकर पांढरट पडतं. मी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत फवारतो: आधी चकचकीत काळा, मग त्यावर अ‍ॅल्युमिनियम रंगाचे पातळ हात. काळ्यावर ओरखडा दिसला तर तिथेच थांबून घासा, चंदेरीखाली तो लपत नाही.

चाकं शेवटी. मोठ्या चाकांच्या जोड्या धडाखाली एकामागे एक, सायकलसारख्या, आणि पंखांच्या टोकांना छोटी आधाराची चाकं. विमान काचेवर ठेवा आणि दोन्ही छोट्या चाकांखाली वहीचा कागद सरकवून बघा. एकीकडे अडला आणि दुसरीकडे सहज गेला, तर पंख अजून पिळलेला आहे.